अक्षर उरले, उच्चार गेला

हैदराबादेस महसूल खात्यात असताना संस्थानकाळचे उर्दू दप्तर नेहमी चाळावे लागे. जेर-जबर-पेश न घातलेली 'सीन' आणि 'रे' ही अक्षरे सर, सिर की सुर, हे संदर्भाने कळे. एखाद्या वाडीचे नाव मात्र गावातील वृद्धाच्याच तोंडून ऐकावे लागे.

ही रीत अरबी लिपीची, आणि तिच्या भगिनी हिब्रूचीही. हिब्रूची २२ अक्षरे मुळात व्यंजनेच. इसवी सनाच्या ७ व्या ते १० व्या शतकांत तिबेरियसच्या मसोरेती पंडितांनी मूळ अक्षरांना धक्का न लावता, पठणातले स्वर बिंदू-रेषांनी नोंदवले. पण ईश्वराचे चतुरक्षरी नाव उच्चारणे निषिद्ध. त्याऐवजी 'अदोनाय' म्हणत. म्हणून त्या नावाला 'अदोनाय'चे स्वर लागले. पुढे ख्रिस्ती वाचकांनी दोन्ही जोडून 'जेहोवा' वाचले. मूळ उच्चार 'याहवे' असावा, हे विद्वानांचे अनुमानच.

ज्या नावाचे अक्षर प्राणपणाने जपले, त्याचाच उच्चार हरवला. कारण मुखे थांबली.

मला वाडीचे नाव सांगणारे ते वृद्ध आज नाहीत. मी तेव्हा नोंदीखाली सही केली. उच्चार मात्र देवनागरीत टिपून ठेवला नाही. दप्तर सुखरूप आहे.