रोहित्रराव

या, ओळख करून देतो. नालासोपाऱ्यातल्या या गल्लीच्या तोंडाशी, जाळीच्या कुंपणात, अंगावर क्लासच्या जाहिराती मिरवत उभे आहेत ते रोहित्रराव. हे त्यांचं कागदोपत्री नाव. गल्ली त्यांना नुसतं डीपी म्हणते.

घुं आवाजाला घाबरू नका. ते रागावलेले नाहीत, गुणगुणतायत. वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, दर आवर्तनात पोटातला लोखंडी गाभा दोनदा ताणतो, दोनदा सैलावतो. जन्मभर एकच सूर, पण ढळत नाही.

प्रकृती तोळामासा. पोटात तेल, श्वासाला ब्रीदर. त्यातले निळे खडे गुलाबी झाले की समजावं, दमट हवा बाधली. खाडीकाठच्या मुक्कामात ती बाधणारच.

खरं दुखणं मात्र सिनेमा. ॲक्शनपटात यांच्या भावकीला एक गोळी लागली की सुतळीबॉम्बसारखा स्फोट! प्रत्यक्षात टाकीला भोक पडलं तर आधी तेल गळेल. तापायला, बिघडायला वेळ लागेल.

खलनायक खटका ओढतो आणि शहर चौकाचौकानं, ठाक-ठाक करत विझतं, हे बघून तर ते तापतातच. बिघाड झाला की रिले निमिषार्धात लाईन तोडतो. आख्खा भाग एकदम अंधारात. सावकाशी असते ती परत येण्यात. 12 ऑक्टोबर 2020ला मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मग भागाभागानं वीज परतताना लोकांनी तास मोजले.

‘डाय हार्ड’मध्ये (1988) वीज तोडताच तिजोरीचं शेवटचं कुलूप उघडतं. तिजोऱ्या अशा असत्या, तर वसई-विरारच्या चोरांना भारनियमनाचं वेळापत्रकच पुरलं असतं.

रोहित्ररावांचा स्वतःचा शेवटचा सीन अगदीच साधा. पहिला पाऊस, तारेवर एखादी फांदी किंवा पंख पसरलेला कावळा, एक ‘फट्’ आणि शांतता. मग भिजलेला वायरमन लांब काठी घेऊन येतो, उडालेला फ्यूज बदलतो. घुं पुन्हा सुरू होतो आणि गल्लीभर आरोळी उठते, ‘आलीऽऽ!’

रोहित्रराव फुगतात. जयघोष स्त्रीलिंगी आहे, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.