कर्तबगारी आणि सनद

विस्थापितांचा विषय निघाला की मी उल्हासनगरचं उदाहरण द्यायचे. फाळणीत सर्वस्व गमावलेली सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी बराकींमध्ये गोणपाटाचे पडदे लावून राहिली. लोकलमध्ये पापड, लिमलेटच्या गोळ्या, सेफ्टी पिना विकून त्यांनी पोट भरलं आणि एका पिढीत फर्निचरचा, कापडाचा, पुढे जीन्सचा बाजार उभा केला. मी डोंबिवलीत वाढले, त्यामुळे हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्याकडचा लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, घरातलं पहिलं लोखंडी कपाट, सगळं 'कॅम्पा'तून, म्हणजे उल्हासनगरातून यायचं. पुढे समाजशास्त्र शिकवायला लागले तेव्हा ही गोष्ट वर्गात सांगताना तिच्या शेवटी एक वाक्य हमखास जोडायचे : ज्याच्या अंगात धमक असते तो सरकारची वाट बघत बसत नाही. कोयनेचे किंवा बारवीचे धरणग्रस्त मोर्चा घेऊन आले की मनातल्या मनात तुलना व्हायचीच. त्यांनी करून दाखवलं, मग यांना का जमू नये?

ते वाक्य मी आता वर्गात उच्चारत नाही. सिंधी माणसाच्या मेहनतीबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण त्या मेहनतीला पाय रोवायला जागा कुणी आणि कशी दिली, हे मी पुढे नीट पाहिलं.

चार नंबर कॅम्पात माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेचं माहेर आहे. मूळ बराक कधीच गेली, तिथे मजले चढले, पण पत्त्यात अजून बॅरेक नंबर आणि रूम नंबर लिहितात. तिची आई, आम्ही सगळेच तिला अम्मा म्हणतो, जागेच्या कामासाठी काढलेली एक फाईल घेऊन बसली होती. पिवळ्या पडलेल्या कागदांना ठिकठिकाणी सेलोटेप. निर्वासित म्हणून नोंदणी केल्याचा कागद, सिंधमधल्या घराच्या क्लेमचा कागद, खोलीच्या हप्त्यांच्या पावत्या आणि सगळ्यात खाली त्या खोलीचं खरेदीखत, भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने करून दिलेलं. अम्मा एकेक कागद तळहाताने सपाट करत होती. "सासऱ्यांनी पहिली शिलाई मशीन ह्या कागदावर उचलली," ती सहज म्हणाली आणि पुढच्या पावतीकडे वळली.

मी मात्र तिथेच अडले. ज्या माणसांनी 'सरकारची वाट पाहिली नाही' असं मी शिकवत आले, त्यांच्या घरात सरकारी कागदांची ही फाईल लेकराला जपावं तशी जपलेली होती.

मग मी वाचायला बसले. नंदिता भवनानी यांचं 2014 चं फाळणीनंतरच्या सिंधी हिंदूंवरचं पुस्तक वाचलं, कायदे वाचले. पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि माणसं मिळेल त्या बोटीने मुंबईला निघाली. कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. कागदोपत्री काय घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने 19 जुलै 1948 पूर्वी आलेली माणसं थेट नागरिक झाली. नंतर आलेल्यांना नोंदणी करून नागरिकत्व मिळालं. म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कॅम्पातला माणूस मतदार होता. सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे 1950 च्या कायद्याने तपासले गेले आणि 1954 च्या कायद्याने भरपाई मिळाली. ती पूर्ण नव्हती. पण लहान दाव्यांना त्यातल्या त्यात जास्त प्रमाणात मिळाली. क्लेम नसलेल्यांनाही हप्त्याने खोली विकत घेता आली. शिवाय 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि कराची-हैदराबादची कॉलेजं त्यानंतरही मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली. त्यामुळे सिंधी पदवीधराची पदवी इथे आल्या दिवसापासून चालली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केलं. आजच्या जगातल्या किती निर्वासित डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या पदव्या नव्या देशात रद्दी ठरतात, हे पाहिलं की याचं मोल कळतं.

यातली एक बाजू बोचणारी आहे आणि ती सांगायलाच हवी. भरपाईच्या निधीत इथून गेलेल्या मुसलमानांची मागे राहिलेली मालमत्ता होती. एका विस्थापिताचं बस्तान दुसऱ्या विस्थापिताच्या घरादारावर बसलं.

मायकेल सेर्निया या जागतिक बँकेतल्या समाजशास्त्रज्ञाने सक्तीच्या विस्थापनातून माणूस कंगाल कसा होतो, याची आठ कारणं 1990 च्या दशकात मांडली : जमीन जाते, रोजगार जातो, घर जातं, समाजात माणूस कडेला फेकला जातो, आजारपण वाढतं, अन्नाची शाश्वती जाते, गायरान-पाणवठ्यासारख्या सामाईक गोष्टी जातात आणि नात्यागोत्याची वीण उसवते. ही यादी मी वर्षानुवर्षं परीक्षेला विचारत होते. ती उल्हासनगर आणि कोयना यांच्याशेजारी ठेवून वाचायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

ठेवून पाहा. सिंध्यांचं घर गेलं, जमीनजुमला गेला; पण त्यांच्यातल्या बहुतेकांचा धंदा म्हणजे हिशेब, उधारी, ओळख आणि विक्रीची हातोटी. ते बोटीतून बरोबर आणता आलं. एक लाख माणसं एका ठिकाणी राहिल्याने पंचायती, लग्नं, उधार-उसनवार टिकलं, आणि मुंबईची बाजारपेठ लोकलच्या अंतरावर होती. कोयनेच्या खोऱ्यातला माणूस शेतकरी. जमीन पाण्याखाली गेली की त्याचं कसबही बुडालं. त्याच्या गावची माणसं सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, आपला ठाणे जिल्हा अशी पांगली. धरणाचं काम 1950 च्या दशकातलं आणि महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा 1976 चा. कायदा आला तोवर गावं उठून गेली होती. 2018 मध्ये डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला धरणग्रस्त आंदोलनाला बसले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत संकलन यादी होती. कुणाचं किती गेलं आणि कुणाला किती मिळालं, याची साधी गावनिहाय नोंद, तीही पुरी झालेली नव्हती. अम्माकडे जी फाईल होती ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांना धमक नाही असं म्हणणारी मी कोण?

आणखी एक ठिकाण तर कॅम्पाच्या अगदी शेजारचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणच्या परिसरात छावणीबरोबर विमानतळासाठीही जमिनी घेतल्या. छावणीच्या जागेवर शहर वसलं. विमानतळाची जागा संरक्षण खात्याकडे राहिली आणि कल्याण-हाजीमलंग रस्त्यावरच्या नेवाळीचे शेतकरी ती परत मागत राहिले. 22 जून 2017 रोजी तिथलं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण एकाच युद्धात सरकारजमा झालेल्या दोन जमिनींपैकी एकीवर निर्वासितांना मालकीहक्क मिळाला आणि दुसरीचे मूळ मालक तिसऱ्या पिढीत रस्त्यावर आले, हे विसरून मेहनतीवर प्रवचन देता येणार नाही.

माझ्या एका जुन्या मित्राचा यावर आक्षेप आहे. त्याचं म्हणणं, असं बोलून तू माणसाच्या जिद्दीचं श्रेय सरकारला देते आहेस. मला ते पटत नाही. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलली गेलेली लाखो माणसं आली. 1952 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून, ज्यांची संपत्ती युद्धातून वाचली त्यांच्याकडून हप्त्याहप्त्याने कर घेतला आणि ज्यांची गेली त्यांना भरपाई दिली. त्यामुळे त्या माणसांची जिद्द कमी ठरली असं तिथे कुणी म्हणत नाही. उल्हासनगरमध्येही सगळं गोड झालं नाही. क्लेम करण्याइतकं ज्यांच्याकडे काही नव्हतंच ते वर्षानुवर्षं मागे राहिले, अनधिकृत इमारतींचा प्रश्न कोर्टात गेला, वालधुनी नदीची गटारगंगा झाली. सिंधी भाषेला 1967 मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं, पण माझ्या मैत्रिणीच्या मुलांना अम्माची लिपी वाचता येत नाही.

आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीकर आज बारवीच्या पाण्यावरही जगतो. धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली जी कुटुंबं उठली, त्यांच्यातल्या एकेकाला पाणी घेणाऱ्या संस्थांमध्ये नोकरी द्यायचं ठरलं. हे मला योग्य वाटतं, कारण ज्याला पाणी मिळालं त्यानेच इथे देणं मान्य केलं. बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग कॉरिडॉर, वडोदरा-मुंबई महामार्ग यांच्यासाठी याच जिल्ह्यातल्या जमिनी गेल्या, काहींच्या अजून जात आहेत. तुमच्या ओळखीत कुणाची जात असेल तर भरपाईच्या आकड्याआधी संकलन यादीत त्याच्या घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव आहे का ते विचारा, नसेल तर त्याच्याबरोबर तहसील कचेरीत जा, आणि अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.