आज काय गावलां?

मालवणात जेवायला बसलेले बरेच पर्यटक मेन्यूकार्ड उघडतच नाहीत. थेट म्हणतात, ‘सुरमई थाळी’. अगदी जूनमध्येसुद्धा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ, त्यात दर्याही खवळलेला. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात. तरी ताटात सुरमईची तुकडी येतेच. ती बर्फातली तरी असते, नाहीतर लांबून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनलाच संपते.

खानावळवाल्याचा मला राग नाही. गिऱ्हाईक मागेल ते तो देणार. खटकतं ते हे, की आपली माशांची ओळख तीन नावांत संपते : सुरमई, पापलेट, कोळंबी. मग भाव त्यांनाच आणि जाळीही त्यांच्याच मागे. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला, तो मुबलक आहे म्हणून नव्हे. कमी होत चाललाय म्हणून.

रापणीला मात्र निवड माहीत नाही. तारले, बांगडे, पेडवे, जे येईल ते. आणि तिरफळं घातलेलं ताज्या बांगड्याचं तिखलं शिळ्या सुरमईला सहज मागे टाकतं, तेही कमी पैशांत.

म्हणून मी आधी विचारते, “आज काय गावलां?” पावसात कधी प्रामाणिक उत्तर मिळतं, “काय नाय, सगळां बर्फातलां.” मग डाळ-भात आणि सुक्या जवळ्याची कोशिंबीर मागवावी. जून-जुलैत इथल्या घरांतही हेच तर शिजतं.