क्षेमकुशल

पूर्वी घरचे माणूस परगावी गेले की पोहोचल्याचे कार्ड येईपर्यंत घरातल्यांचा जीव थाऱ्यावर नसे. कार्डात मजकूर तो काय, तर 'सुखरूप पोहोचलो'. पण ते आले नाही की काळजी सुरू होई. ही साधी रीत विसरल्याने आमच्या हातून काय घडले, ते येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

नांदेडातील एका लहानशा संग्रहाचा सर्व्हर आम्ही लातुरात बसून सांभाळत होतो. त्यावर हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेल्या वृद्धांच्या आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी होत्या. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. यंत्र लिनक्सचे, म्हणजे युनिक्सच्याच वळणाचे. त्यात दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या. एकीवर लिहिले ते दुसरीवरही उमटावे अशा. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा गट करावा, हा विचार बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात मांडला आणि त्या रचनेला 'रेड' हे नाव दिले. आरशाच्या जोडणीत एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. सोय ती हीच, आणि धोकाही हाच. काम थांबत नाही, म्हणून ती गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

एकदा यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्यासाठी अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला गेलो असता सहज 'एमडीस्टॅट' ही फाइल उघडली. दोन्ही डिस्क जागेवर असल्या की तीत चौकटी कंसात दोन 'यू' दिसतात. आम्हाला एकच 'यू' दिसला. शेजारी नुसती आडवी रेघ. 'रूट'ची टपालपेटी पाहिली, तर तीत एकाच मजकुराची ११२ पत्रे. यंत्राने रोज एकदा सांगितले होते. ती पेटी उघडणारे कोणी नव्हते. देखरेख आमच्याकडे होती, तेव्हा दोषही आमचाच.

नवी डिस्क तत्काळ बसवावी, असे प्रथम मनात आले. पण नवीवर सारे पुन्हा उतरवताना उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि ती तर गेलेलीच्याच वयाची. 'स्मार्टसीटीएल'कडून तिची प्रकृती विचारली, तेव्हा काही सेक्टर वाचता येत नसल्याची नोंद निघाली. म्हणून आधी ध्वनिमुद्रणेच बाहेरच्या डिस्कवर घेऊ लागलो. शेवटच्या फाइलीच्या मध्यावर ती डिस्कही बंद पडली.

ती फाइल किल्लारीजवळच्या एका आजींची. १९९२ च्या धक्क्यांनी भिंतीला तडा गेला होता, तो मातीने लिंपून घेतला; पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले, येथवर त्यांचे सांगणे ऐकू येते. ३० सप्टेंबरच्या पहाटेची हकीकत गेली. सवडीने ऐकू म्हणून आम्ही ती कधीच ऐकली नव्हती.

पूर्वसूचना नेहमी मिळतेच असे नाही. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. आणि आरसा म्हणजे प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. या दोन गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या. ठाऊक असणे आणि पेटी उघडून पाहणे यांत मात्र अंतर असते.

आता 'स्मार्टडी' दर आठवड्याला डिस्कांची चाचणी घेतो आणि महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क ताडून पाहिल्या जातात. मुद्दाम खोटी तक्रार पाठवून ती दोघांच्या फोनवर पोहोचते की नाही, हेही आम्ही पाहतो. एक प्रत लातुरात असते. शिवाय रोज सकाळी नांदेडहून एका ओळीचा निरोप येतो: दोन्ही डिस्क जागेवर आहेत. त्यात नवे काही नसते. पण आठ वाजेपर्यंत तो आला नाही, तर आम्ही चहा तसाच ठेवून उठतो.