म्हाताऱ्यांची मराठी

पहाटे, चूल पेटायच्याही आधी, आजी स्मरणाला बसायची. माळवदाच्या त्या घरात ओल्या सारवणाचा, परसातल्या कडब्याचा आणि तिच्या चंचीतल्या कातचुन्याचा वास एकमेकांत मुरलेला असायचा, आणि त्या वासातूनच जणू सूत्रपाठाचे, म्हणजे चक्रधरस्वामींच्या वचनांचे, बोल वर यायचे, आधी नुसते पुटपुटणे, मग हळूहळू लय. दिवसभर आम्हाला ‘काहून रे’ म्हणून दटावणारी ही वऱ्हाडी बाई तेवढ्या घटकेपुरती यादवांच्या काळातली मराठी बोलायची.

आमचे घर महानुभाव पंथाचे, मेहकरकडचे. मेहकर काय, लोणार काय, पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींच्या पायांखालची गावे. त्यामुळे आजी त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, सांगू लागली की स्वामी काल-परवाच आपल्या वेशीवरून गेले असावेत असे वाटे. स्वामींच्या जेवणासाठीचा ‘आरोगणा’ हा शब्द म्हणताना तिचा आवाज मऊ होई, आणि पुढ्यातली ज्वारीची भाकरीही आम्हाला वेगळीच लागे.

पंथातले पंडित केशोबास संस्कृतात लिहू पाहत होते तेव्हा स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवले, माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील म्हणून. त्या म्हाताऱ्यांतली शेवटची आमच्या घरात होती, असे मला मनापासून वाटते. मणिपुरात लाइ हराओबाच्या उत्सवात माइबी, म्हणजे पुजारिणी, देवांपुढे जी प्राचीन मैतेई भाषा गातात, ती आता तिथल्याही बहुतेकांना उमगत नाही, असे वाचले तेव्हा मला इंफाळ नव्हे, आमचे माजघर दिसले.

शब्द हरवले नाहीत, हे मात्र खरे. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास लीळाचरित्रासाठी माणसामाणसांकडून गोळा केलेल्या स्वामींच्या आठवणी, पुढे सांकेतिक सकळ लिपीत शतकानुशतके झाकून ठेवलेल्या पोथ्या, यातले बरेचसे आता छापील आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या नरवेलला जन्मलेल्या वि. भि. कोलत्यांनी संपादलेले लीळाचरित्र 1978 साली आले. मी ते पुष्कळदा उघडतो, नव्या कागदाचा वास कधीच उडून गेलेल्या त्या पानांवर बोट ठेवून मोठ्याने वाचू पाहतो, आणि अक्षर अन् अक्षर बरोबर येऊनही ते आजीचे होत नाही. ती वाक्याच्या मध्येच, अर्थाला न जुमानता, एका ठरावीक जागी श्वास घ्यायची. तिच्या सासूनेही तिथेच घेतला असणार, आणि सासूच्या सासूनेही. पुस्तकात त्या जागी कसलीच खूण नाही.