नऊ मिनिटांचं रसग्रहण

दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका 80 गुणांची, वेळ 3 तास. पद्य विभागाचे 16 गुण, त्यातले 4 रसग्रहणाचे. हिशेब केला तर मुलांच्या हाती जेमतेम नऊ मिनिटं उरतात. तेवढ्यात ओळी वाचायच्या, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं मांडायची आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. 2023 पासून बोर्ड शेवटी 10 मिनिटं वाढवून देतं, पण माझ्या वर्गातली मुलं ती उपयोजित लेखनासाठी राखून ठेवतात. तो विभाग 24 गुणांचा, त्यामुळे त्यांचंही बरोबरच आहे.

वेळ पुरत नाही, ही सगळ्यांची तक्रार. वह्या तपासताना वेगळंच दिसत होतं. मुलं भराभर लिहीत होती, पण गाइडातलं. ‘कवीने अतिशय साध्या, सोप्या भाषेत प्रभावी विचार मांडला आहे’ हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक वहीत. मग एकदा चार-पाच वह्यांतली अशी वाक्यं जोडून, कवीचं नाव गाळून, मी वर्गात वाचून दाखवली. कोणती कविता? कुणी म्हणालं धामणस्करांची ‘वस्तू’, कुणी रामदासांचं ‘उत्तमलक्षण’. वाक्यं होती संत नामदेवांच्या ‘अंकिला मी दास तुझा’ या अभंगावरची!

वर्ग गप्प झाला. त्यानंतरच खरा सराव सुरू झाला.

घड्याळ लावायचं, पण पहिली दोन मिनिटं पेनाला हात लावायचा नाही. पेन्सिलीनं फक्त क्रियापदं अधोरेखित करायची. या अभंगात दृष्टांतामागून दृष्टांत येतात: आगीत पडलेलं बाळ आणि आई, जमिनीवर पडलेलं पिलू आणि पक्षिणी, भुकेलं वासरू आणि गाय, वणव्यात सापडलेलं पाडस आणि हरिणी, शेवटी चातक आणि मेघ. गाइडात या सगळ्यांची एका ओळीत बोळवण होते, ‘आईच्या मायेचे समर्पक दृष्टांत’ म्हणून.

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र अडली. “बाई, आई धावते, पक्षिणी झेपावते, गाय धावते. हरिणी नुसती काळजी करते. आणि चातक तर विनवणी करतो. मग सगळे दृष्टांत सारखे कसे?”

केवढं मोठं निरीक्षण! चातकापाशी येईपर्यंत धावून जाणारं कुणी उरतच नाही, उरते ती आर्जवाची भाषा, आणि नामदेव आपलं नाव नेमकं तिथेच घालतात. हे एकदा दिसलं की आशय, काव्य, भाषा या तिन्ही मुद्द्यांना पुरेल एवढा ऐवज हाताशी येतो. मुद्दे मी टाकून देत नाही. गुण त्यांवरच मिळतात, ते उत्तरात यायलाच हवेत. पण मुद्दे आधी आणि कविता नंतर, हा क्रम मला मान्य नाही.

सर्वांत जास्त फायदा झाला तो सावकाश लिहिणाऱ्या एका मुलाला. त्याचं अक्षर सुरेख, हात मात्र जड. कवीचा परिचय लिहिण्यातच त्याची चार मिनिटं जायची. आता तो कवीचं नाव आणि विषय एकाच वाक्यात आटोपून थेट दिलेल्या ओळींना भिडतो. प्रिलिममध्ये त्यानं सहाच वाक्यं लिहिली. त्यांतल्या चारांत दिलेल्या ओळींमधला एकेक शब्द होता, आणि स्थूलवाचनाचा प्रश्न त्यानं वेळेत सुरू केला.