दिवाळीच्या गर्दीआधी

बिलिंगचा शेवटचा जुना सर्व्हर आज बंद केला. आमची दुकानं वाढली तसं प्रत्येक नव्या कामाला नवं यंत्र घेतलं गेलं; प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामे, वीज आणि एसी मात्र अखंड चालू. आता मोजक्या यंत्रांवर हायपरवायझर, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर आमचे सगळे सर्व्हर आणि डेटा सामायिक स्टोरेजवर. व्हीएमवेअरने २००३ मध्ये आणलेलं व्हीमोशन मला अजून थक्क करतं: चालता सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो आणि काउंटरवर बिलं निघतच राहतात.

पण स्टोरेज बसलं तर सगळीच दुकानं थांबतील, ही धास्ती खरी आहे. स्नॅपशॉटवर, म्हणजे सर्व्हरच्या एखाद्या क्षणाच्या जपलेल्या स्थितीवर, विसंबून चालत नाही; तो सहसा त्याच स्टोरेजवर असतो. असे सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि ती अधूनमधून परत उतरवून बघा.